सत्तेचाळीस सेकंद

१

पाकिटावर नाव टाइप केलेलं होतं आणि तिकीट नव्हतं. म्हणजे ते टपालाने आलं नव्हतं. कुणीतरी स्वतः वैमानिकांच्या खोलीपर्यंत येऊन, भिंतीवरच्या साठ खणांतून नेमका तिचा खण शोधून, ते आत सरकवून गेलं होतं.

"काल दुपारी मिळालं," ती म्हणाली. "रात्रभर उशीखाली ठेवून झोपले. म्हणजे झोपले नाहीच."

समोर बसलेल्या कप्तानबाईंनी चष्मा चढवला. एकतीस वर्षं विमान चालवल्यावर सहा वर्षांपूर्वी कानाच्या दुखण्यामुळे त्यांचं उडणं बंद झालं होतं. तेव्हापासून त्या 'कॉकपिट कट्टा' सांभाळत होत्या. हा वैमानिकांसाठीचा ऑनलाइन कट्टा. तिथे सगळे टोपणनावाने लिहीत. समोरची मुलगी तिथे 'चिमणी' होती. वयाने बत्तीस, एका विमान कंपनीत को-पायलट. आजवर दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. आज सकाळी पावणेदहाला तिनेच फोन करून पत्ता विचारला आणि वीस मिनिटांत दारात उभी राहिली.

पाकिटात एकच कागद होता. वर बारीक अक्षरांत 'नवी नोंद : आतली खोली', आणि खाली चिमणीने गेल्या गुरुवारी कट्ट्यावर लिहिलेला मजकूर जसाच्या तसा छापलेला.

'आतली खोली' म्हणजे कट्ट्याचा बंद भाग. जे घरी बोलता येत नाही आणि कंपनीत बोलायची सोय नाही, ते लोक तिथे लिहीत. चिमणीने लिहिलं होतं की तीन आठवड्यांपूर्वी, विमान उतरण्याच्या तयारीत असताना, शेजारी बसलेले कॅप्टन अचानक शुद्ध हरपून समोरच्या सुकाणूच्या दांड्यावर कोसळले. त्यांच्या वजनाने विमानाचं नाक खाली जायला लागलं. तिने आपल्या बाजूचा दांडा जिवाच्या आकांताने मागे ओढून धरला. किती वेळ ते कळलं नाही, दीड मिनिट असेल. मग ते आपोआप सावरून बसले. विमान तिनेच उतरवलं. खाली आल्यावर ते म्हणाले, साखर कमी झाली असेल, कुणाला सांगू नकोस, निवृत्तीला सहा महिने राहिलेत. 'मी काय करू?' असा तिचा शेवटचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाखाली कुणीतरी छापलं होतं : 'सत्तेचाळीस सेकंदांसाठी कुणी आपलं घर उघड्यावर टाकत नाही. गप्प राहा.'

कप्तानबाईंनी कागद दोनदा वाचला. "यात हे वाक्य आहे बघ, 'मुलीला पाळणाघरात ठेवून परत उडायला लागून मला दोनच महिने झालेत.' मी कट्ट्यावर वाचलं तेव्हा हे नव्हतं."

"मी काढून टाकलं होतं. अकरा दहाला टाकलं, आणि लगेच वाटलं, यावरून कुणीही मला ओळखेल. अकरा चौदाला पुसलं." तिने ओठ चावला. "चार मिनिटं, मॅडम. चार मिनिटांत कुणीतरी ते उचललं."

"कंपनीत का नाही सांगितलंस?"

"तक्रारीचा फॉर्म ज्यांच्या टेबलावर जातो ते कॅप्टनांचे जुने सहकारी आहेत. मी दोन महिन्यांपूर्वी परत आलेली बाई. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"आणि आज एवढ्या घाईने का आलीस?"

चिमणीने हात मांडीखाली दाबून धरले. "सकाळी पाळणाघरातून फोन आला. एक माणूस फोनवरून चौकशी करत होता, मुलीला आज कोण न्यायला येणार, किती वाजता. त्या बाईंनी विचारलं, आपण कोण? तो म्हणाला, मी तिचा मामा."

"मग?"

"मला भाऊच नाही, मॅडम."

२

मुलीला तिने इकडे येण्याआधीच मावशीकडे पोचवलं होतं, एवढाच काय तो दिलासा.

कप्तानबाईंनी पहिला फोन मास्तरांना लावला. मास्तर म्हणजे चिमणीच्याच कंपनीतले प्रशिक्षण आणि सुरक्षा प्रमुख. निम्म्या वैमानिकांना त्यांनीच शिकवलं होतं म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. कट्टा सांभाळायला कप्तानबाईंच्या जोडीला तेच होते. चिमणीचं नाव न घेता बाईंनी एवढंच सांगितलं की आतल्या खोलीतला मजकूर बाहेर फुटलाय.

"मी वर्षभर कंठशोष करतोय, बाई," मास्तर म्हणाले. "हौशी लोक आत घेतले की दुसरं काय होणार? कुंपणाला नाक लावून विमानांचे फोटो काढणारे, घरी कॉम्प्युटरवर विमान उडवणारे. त्यांना काय कळणार तिथे लोक कशाने रडतात ते? आज सहाला मतदान संपतंय. हे लोकांना कळलं तर एकही हौशी उरणार नाही."

हे मतदान मास्तरांनीच मांडलं होतं. ज्यांच्याकडे चालू परवाना आहे तेच कट्ट्यावर राहतील, बाकीचे बाहेर. गेला आठवडाभर त्यावरून नुसती जुंपली होती. कप्तानबाईंचं मनही मास्तरांकडेच झुकत होतं.

"गुरुवारी अकराच्या सुमाराला तुम्ही कट्ट्यावर होता का?"

"छे. सकाळी आठ ते बारा सिम्युलेटरमध्ये होतो पोरांना घेऊन. पाहिजे तर नोंद बघा. बरं, ठेवू का? ताईकडे आलोय. भाऊजींना दुपारी ड्यूटीवर सोडायचंय."

बाईंनी कट्ट्याची नोंद उघडली. गुरुवारी अकरा दहा ते अकरा चौदा आतल्या खोलीत कोण कोण आलं होतं ते तिथे दिसत होतं. मास्तर खरंच नव्हते. चिमणी सोडली तर एकच नाव होतं : 'शिट्टी'.

शिट्टी तीन वर्षांपासून कट्ट्यावर होता. 'निवृत्त वैमानिक' अशी त्याची नोंद होती. कमी लिहायचा, पण लिहिलं की नेमकं लिहायचा. बाईंनी त्याने दिलेला परवाना क्रमांक पाहिला आणि कपाटातून वैमानिक संघटनेची जुनी नावनिशी काढली. पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"काय झालं?" चिमणीने विचारलं.

"हा नंबर ज्याचा होता त्याला मी ओळखत होते. त्याच्या अंत्ययात्रेला गेले होते मी." बाईंनी पुस्तक तिच्याकडे फिरवलं. "अकरा वर्षं झाली त्याला."

३

नावनिशीत मेलेल्या माणसाचा पत्ता होता. विमानतळाच्या कुंपणामागची गल्ली. कप्तानबाई एकट्याच निघाल्या होत्या, पण चिमणी घरी थांबायला तयार झाली नाही. गाडीत ती सारखी मागे वळून बघत होती. एक पांढरी गाडी तीन चौकांपर्यंत मागे राहिली आणि नंतर वळली, तेव्हा कुठे ती सरळ बसली.

गल्लीत शिरताना डोक्यावरून विमान गेलं आणि खिडक्यांची तावदानं खडखडली. दार उघडलं ते साठीच्या एका किरकोळ माणसाने. कपाळावर भिंग चढवलेलं होतं आणि हातात चिमटा. आतल्या टेबलावर उघडी पडलेली मनगटी घड्याळं होती आणि त्यांच्या शेजारी एक रेडिओ खरखरत होता. टॉवर आणि विमानं यांच्यातलं बोलणं त्यावर ऐकू येत होतं.

"शिट्टी?" बाईंनी विचारलं.

माणसाचा चेहरा उतरला. त्याने बाईंना ओळखलं नाही, आवाज मात्र ओळखला. कट्ट्यावर त्यांच्या भाषणांच्या ध्वनिफिती होत्या. "कप्तानबाई," तो म्हणाला आणि बाजूला झाला. "एक दिवस तुम्ही येणार हे मला माहीत होतं."

तो वैमानिक नव्हता. घड्याळं दुरुस्त करायचा. वैमानिक होता तो त्याचा मोठा भाऊ. "दादा गेला तेव्हा घरात अगदी सामसूम झाली. तो आला की विमानांशिवाय विषय नसायचा. कट्ट्यावर तशी भाषा वाचायला मिळाली. तेव्हा हौशींना घेत नव्हते, म्हणून दादाचा नंबर दिला. चूक झाली ती झालीच."

"गुरुवारी तू हिचा मजकूर वाचलास."

त्याने पहिल्यांदाच चिमणीकडे नीट पाहिलं. "म्हणजे ती तुम्ही?" मग त्याने खणातून एक वही काढली. रोजच्या विमानांच्या वेळा, आवाज, हवा, सगळं त्यात बारीक अक्षरात होतं. तीन आठवड्यांपूर्वीचं पान त्याने उघडून दिलं. बाईंनी मोठ्याने वाचलं. "'टॉवरने दोनदा हाक मारली. उत्तर नाही. २९ सेकंद. मग बाईचा आवाज. शांत.'"

चिमणी खुर्चीवरून उठली. "तुम्हाला माहीत होतं."

"विमान कुठलं ते कळलं, ताई. आत कोण बसलंय ते इथून कसं दिसणार? तुमचं नाव मला आत्ताही माहीत नाही."

"किती सेकंद म्हणालास?" बाईंनी मध्येच विचारलं.

"एकोणतीस."

"सत्तेचाळीस नाही?"

घड्याळजींना ते लागलं. "बाई, माझ्या बाकी कशावरही शंका घ्या. टॉवरची पहिली हाक संपली तिथपासून या तोंड उघडेपर्यंत एकोणतीस. मी घड्याळ लावून मोजतो."

बाईंनी मनाशी आकडे मांडले. चिमणीला ते दीड मिनिट वाटलं होतं. या माणसाने एकोणतीस मोजले होते. मग सत्तेचाळीस कुणाचे?

"ते पाळणाघराचं वाक्य तू वाचलंस?"

"वाचलं. पाच मिनिटांनी परत आलो तर नव्हतं. म्हटलं, बरं झालं, पोरीने पुसलं. छापायला माझ्याकडे यंत्र कुठंय?" त्याने चिठ्ठीचा कागद हातात घेतला आणि भिंग डोळ्यावर ओढलं. "आणि हे वर काय लिहिलंय? 'नवी नोंद : आतली खोली'. कट्ट्यावर तर असं कुठे दिसत नाही."

बाईंनी कागद परत घेतला. खरंच दिसत नव्हतं. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि आपली मेल उघडली. कट्ट्याकडून येणाऱ्या मेल त्या महिनोन् महिने न उघडता सोडून देत. गुरुवारची शोधून उघडली. मेल अकरा दहाची होती. वर तीच ओळ, खाली पाळणाघराच्या वाक्यासकट सगळा मजकूर.

"पुसलेलं कट्ट्यावरून जातं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मेलमधून जात नाही. नवीन काही आलं की ते त्याच मिनिटाला मेलने येतं."

"कुणाला?" चिमणीने विचारलं.

"फक्त कट्टा चालवणाऱ्या दोघांना."

चिमणी एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक. तिची पाठ दाराला लागली तेव्हा बाईंना कळलं, पोर आपल्याला घाबरतेय.

"दुसरं कोण, मॅडम?"

४

कप्तानबाईंनी फोन टेबलावर ठेवला, दोन्ही हात दिसतील असे. "दुसरे मास्तर. आणि तू माझ्यावर विश्वास ठेवायलाच हवा असं मी म्हणत नाही. आधी ऐक, मग ठरव.

"तीन जणांनी एकच प्रसंग मोजलाय. तू कॉकपिटमध्ये होतीस, तुला दीड मिनिट वाटलं, कारण घाबरलेल्या माणसाची वेळ लांबते. यांनी रेडिओवरची शांतता मोजली, ती एकोणतीस. पण तू बोलायला लागलीस तेव्हा कॅप्टन दांड्यावरून उठले होते का?"

चिमणीने आठवलं. "नाही. मी एका हाताने ओढत होते आणि बोलत होते. ते नंतर उठले."

"आणि हाक येण्याआधीच पडले होते. म्हणजे खरा वेळ एकोणतीसपेक्षा जास्त आणि दीड मिनिटापेक्षा कमी. तो नेमका कुणी मोजला? कॅप्टन बेशुद्ध होते. तू मोजला नाहीस. तुमच्या विमानातल्या नोंदयंत्राने मोजला. डाव्या दांड्यावर किती वेळ दाब होता, उजव्यावर किती जोराने ओढलं, सगळं त्यात उतरतं. ती नोंद तुमच्या कंपनीत कोण बघतं?"

चिमणी दारापासून हलली. "सुरक्षा प्रमुख. तक्रारीचा फॉर्मही त्यांच्याकडेच जातो." तिचा आवाज चिरका झाला. "मास्तर."

"त्यांनी तू लिहिण्याआधी, तीन आठवड्यांपूर्वीच ते पाहिलंय. पाहिलं आणि दाबलं. सिम्युलेटरमध्ये होते हे खरं असेल. मेल काय, बारा वाजता बाहेर येऊनही वाचता येते. फक्त का दाबलं ते कळत नाही. तुझ्या कॅप्टनना आज ड्यूटी आहे?"

चिमणीने फोनवर वेळापत्रक काढलं. "चार दहाचं विमान. एकशे शहात्तर प्रवासी."

बाईंना मास्तरांचं सकाळचं फोनवरचं बोलणं आठवलं. ताईकडे आलोय, भाऊजींना दुपारी ड्यूटीवर सोडायचंय.

भिंतीवरच्या घड्याळांत दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

मास्तरांची केबिन कंपनीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. खाली वैमानिकांची खोली. चिमणीला खाली थांबवून बाई वर गेल्या आणि कागद टेबलावर ठेवला. मास्तरांनी तो उचललासुद्धा नाही.

"नोंद मीही बघितली. त्या शिट्टीला पकडलंत?"

"त्याने एकोणतीस मोजले होते, मास्तर. तुम्ही सत्तेचाळीस लिहिलेत. यंत्राचा आकडा आहे तो. इतकी वर्षं पोरांना शिकवलंत की अंदाजाने बोलायचं नाही. धमकीतही अंदाज लिहवला नाही तुमच्याने."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"ताईला हे कळलं तर ती खचेल," ते म्हणाले. "भाऊजींना लहानपणापासून बघतोय. त्यांच्यामुळे मी या धंद्यात आलो. एकदा झालं, बाई. साखर होती. डॉक्टरांकडून मी त्यांना परत तपासून घेतलं असतं."

"घेतलंत?"

मास्तरांनी टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला.

"पाळणाघरात फोन तुम्ही केलात."

"मी काही करणार नव्हतो त्या पोरीचं. पाळणाघराचा नंबर कंपनीच्या कागदांत होता, फक्त विचारलं. तिने गप्प राहावं एवढंच." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "आणि हौशी लोकांवर आळ गेला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? ते तसेही जाणारच होते."

"चार दहाच्या विमानात एकशे शहात्तर माणसं बसणार आहेत. ती सगळी हौशीच आहेत, मास्तर. परवाना एकाकडेही नाही."

बाई धावत खाली आल्या. पण चिमणी जिथे थांबवली होती तिथे नव्हती.

वैमानिकांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत गणवेशातले कॅप्टन हवामानाचे कागद पुढ्यात घेऊन बसले होते आणि चिमणी त्यांच्यासमोर उभी होती.

"सर," ती म्हणत होती, "आज तुम्ही उडू नका. तुम्ही थांबला नाहीत तर मी वर जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे. मला फार भीती वाटतेय, पण सांगणार आहे."

बाईंना वाटलं, आता हा माणूस ओरडणार. पण कॅप्टननी हळूहळू खांद्यावरच्या पट्ट्यांचं बटण काढलं आणि पट्ट्या कागदांवर ठेवल्या.

"परवा घरी पुन्हा झालं," ते म्हणाले. "बाथरूममध्ये. बायकोला सांगितलं नाही, मेहुण्यालाही नाही. रोज ड्यूटीवर येताना वाटतं, आज कुणीतरी अडवेल. कुणीच अडवत नाही गं. मला स्वतःला जमत नाही थांबायला."

चिमणी समोरच्या खुर्चीत बसली. चार दहाचं विमान दुसऱ्या कॅप्टनने नेलं. पाऊण तास उशिराने.

६

दुसऱ्या दिवशी मास्तरांना कामावरून दूर केलं आणि चौकशी बसली. पाळणाघराच्या फोनची पोलिसांत नोंद झाली. कॅप्टनांच्या मेंदूत लिंबाएवढी गाठ निघाली. वेळेवर सापडली, असं डॉक्टर म्हणाले.

मतदान मात्र ठरल्या वेळी, सहालाच संपलं होतं. हे सगळं कुणाला कळायच्या आत. हौशी बाहेर जावेत असं म्हणणारे नऊ मतांनी जिंकले होते.

चिमणीने फोन केला. "मॅडम, हे मतदान रद्द करा. ज्यांनी मांडलं त्यांनीच—"

"मांडणारा खोटा निघाला. मत देणारे चारशे एक जण खरे आहेत," बाई म्हणाल्या. "आणि एक सांग, त्या गुरुवारी तू लिहिलंस तेव्हा कुंपणापलीकडचा एक माणूस ते वाचतोय हे माहीत असतं तर लिहिलं असतंस?"

"नसतं लिहिलं. ते चांगले आहेत, तरी नसतं लिहिलं."

"मग आतली खोली तुमचीच राहू दे. बाहेर एक मोठी खोली काढू, तिथे सगळे येतील. खरं नाव, खरा धंदा सांगून."

त्या संध्याकाळी कप्तानबाईंनी घड्याळजींना फोन करून सांगितलं की दादाच्या नंबरवरचं त्यांचं नाव काढावं लागेल. ते हो म्हणाले. आवाज पडला होता, पण वाद घातला नाही. मग बाई आतल्या खोलीची यादी घेऊन बसल्या. नियम साधा होता : ज्याच्याकडे चालू परवाना आहे तोच आत. पहिलंच नाव त्यांचं स्वतःचं होतं. परवाना संपून सहा वर्षं झालेला.

त्यांनी खोलीच्या किल्ल्या चिमणीच्या नावावर केल्या आणि मेलने प्रती पाठवण्याची सोय बंद केली. मग आपल्या नावापुढचं काढून टाकण्याचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : तुम्हाला या खोलीत प्रवेश नाही.

बाहेरच्या खोलीत अजून कुणीच नव्हतं. त्या तिथे एकट्याच बसून राहिल्या. काही वेळाने दोन अर्ज आले. एकात व्यवसायाच्या रकान्यात 'घड्याळ दुरुस्ती' असं होतं. दुसरा रुग्णालयातून आला होता आणि त्यात तो रकाना रिकामाच होता.

बाईंनी दोन्ही मंजूर केले आणि लिहिलं, "या, बसा."